रांगेत पहिली कोण? : ज्यूली डॅशचा सिनेमा

(फिल्म सोसायटीत चित्रपट दाखवण्याआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. दिवे मालवायला अजून पाऊण तास आहे आणि तेवढा वेळ मला ज्यूली डॅश या काळ्या अमेरिकन दिग्दर्शिकेबद्दल बोलायला दिलाय. चहा आत घेऊन आलात तरी चालेल.

पत्रिकेत तुम्ही पाहिलंच असेल, 'विमेन ऑफ कलर', म्हणजे गोऱ्या नसलेल्या सगळ्या बायका, हे शब्द तसेच ठेवलेत. ते छापायच्या आधी दोन दिवस आमची फोनवर झटापट चालली होती. मराठी काय करायचं? 'वर्णीय स्त्रिया' म्हणावं तर जनगणनेचा रकाना वाटतो. 'रंगीत' म्हटलं की रंगपंचमी. 'कृष्णवर्णीय' म्हटलं तर त्यात निम्म्या बायका येतच नाहीत. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी 'सावळ्या' सुचवलं. गोड शब्द आहे, थेट विठोबाचा. पण विठोबाच्या सावळेपणावर अभंग गाणारे आपणच वधू-वर सूचकात काय लिहितो? गोरी, निमगोरी, गहूवर्णी. यादी तिथं संपते. 'सावळी' हा शब्द आलाच तर 'सावळी पण नीटस' असा येतो, त्या 'पण'ला धरून. म्हटलं, राहू दे इंग्रजीच.

या शब्दामागची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९७७ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बायकांची मोठी राष्ट्रीय परिषद भरली. काळ्या बायका स्वतःच्या मागण्यांचा वेगळा मसुदा घेऊन आल्या होत्या. तो बघून मेक्सिकन, आशियाई, मूळनिवासी अशा बाकीच्या बायका म्हणाल्या, आम्हालाही यात घ्या. मग सगळ्यांना मिळून काय म्हणायचं? त्या वाटाघाटीतून हे नाव पुढं आलं. म्हणजे कातडीची छटा सांगायला तो जन्मला नाही, युतीचं नाव म्हणून जन्मला. आपल्याकडे 'बहुजन' जसा.

आता ज्यूली डॅश. मी तिला 'ती'च म्हणणार आहे. कलाकाराला आपण एकेरी हाक मारतो, लतालाही मारतो, त्यात अनादर नाही.

जन्म १९५२, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. वाढली क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी वसाहतीत. आपल्याकडच्या बीडीडी चाळींना काही मजले आणखी चढवा आणि इमारती एकसारख्या एक मांडा, साधारण तसं. वडिलांकडचं कुळ दक्षिणेतलं, साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याकडचं. वडिलांकडच्या माणसांचं बोलणं, खाणंपिणं, घरातले काही संकेत शेजारपाजारच्यांपेक्षा निराळे होते. हे निराळं काय आहे, हे तिला पुढं अभ्यास करून समजून घ्यावं लागलं. आपल्यातल्या किती जणांना आजीची भाषा अशी नंतर शिकावी लागली, ते ज्याचं त्यानं मनात मोजावं.

हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीतलं स्टुडिओ म्युझियम १९६८ साली सुरू झालं. तिथल्या वर्गात ही पोरवयातच कॅमेरा शिकली. मग सिटी कॉलेज, मग लॉस एंजेलिस. तिथल्या विद्यापीठात, यूसीएलएत, तेव्हा एक वेगळीच पिढी शिकत होती. १९६५ साली त्याच शहरातल्या वॉट्स या काळ्या वस्तीत उद्रेक झाला होता आणि त्यानंतर काळ्या मुलामुलींसाठी दार थोडं किलकिलं झालं होतं. चार्ल्स बर्नेट, इथिओपियाहून आलेला हायले गेरिमा, बार्बरा मॅकलॉ, अलील शॅरन लार्किन. एकमेकांच्या सिनेमात कॅमेरा धरायचा, दिवे उचलायचे, वेळ पडली तर कामही करायचं. हॉलिवूड त्यांच्या वर्गापासून मोटारीच्या अंतरावर होतं आणि यांना तिथं जायचं नव्हतं. पुढं अभ्यासकांनी या सगळ्यांना 'एलए रिबेलियन' असं नाव दिलं. त्यांच्यातल्या काहींना ते फारसं आवडत नाही म्हणतात, पण नाव चिकटलं की चिकटलं.

तिच्या पहिल्या कामांपैकी एक 'फोर विमेन', १९७५ चं. नीना सिमोनच्या त्याच नावाच्या गाण्यावर सात-आठ मिनिटांचा नृत्यपट. गाण्यात चार काळ्या बायका आहेत आणि चौघी लोकांच्या डोक्यात बसलेले चार साचे आहेत: राबणारी, मिश्र रक्ताची, विकली जाणारी, चिडलेली. डॅशनं चौघींसाठी नर्तकी एकच घेतली. साचे चार, बाई एक. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला हे सुचलं, याचा मला अजून हेवा वाटतो.

पण मला जास्त बोलायचंय ते 'इल्यूजन्स'वर. १९८२ चा, चौतीस मिनिटांचा, कृष्णधवल. गोष्ट १९४२ सालच्या हॉलिवूडमधली. युद्ध चालू आहे. मिन्यॉन ड्युप्री नावाची एक बाई स्टुडिओत वरच्या हुद्द्यावर आहे. ती काळी आहे, पण रंगानं इतकी उजळ की सगळे तिला गोरी समजतात आणि ती समजू देते. एका संगीतपटात गोंधळ झालाय, गोऱ्या नटीचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. चित्रीकरण पुन्हा करणं परवडणार नाही. मग एस्थर जीटर नावाच्या काळ्या मुलीला बोलावतात. ती काचेमागे उभी राहते, पडद्यावरच्या गोऱ्या ओठांकडे बघत गाते आणि पैसे घेऊन घरी जाते. पडद्यावर तिचं नाव नाही, चेहरा नाही. मिन्यॉनला बघताक्षणी ओळखते ती मात्र हीच मुलगी.

आता हे अमेरिकन प्रेक्षकाला धक्का म्हणून ठीक आहे. आपण पार्श्वगायनावर वाढलेले लोक. दुसरी गाते आणि तिसरी ओठ हलवते, यात आपल्याला काही खटकतच नाही. पण आपल्याकडेही मान नंतर आला, बरं का. 'महल' १९४९ चा. 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे चौकशी करकरून खरं नाव काढून घेतलं. तेव्हा एस्थर जीटर आपल्याला अगदीच परकी नाही. फरक असा, की एस्थरसाठी चौकशी करणारं कुणी नव्हतं.

यातली खरी गंमत तुम्हाला सांगायची राहिली. एस्थरचं काम करणारी नटीसुद्धा या लघुपटात स्वतः गात नाही. आवाज जाझ गायिका एला फिट्झजेराल्डचा आहे, जुन्या ध्वनिमुद्रणातला. उसन्या आवाजाबद्दलच्या सिनेमात आवाज उसना. हा नाइलाज होता की डॅशनं मुद्दाम मारलेली कोपरखळी, यावर मी माझ्या विद्यार्थ्यांशी दरवर्षी भांडते. माझं मत कोपरखळीच्या बाजूनं.

हे सगळं चाललं असताना १९७५ पासून तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी मुरत होतं. घरातले जुने फोटो होते. हार्लेमचा जुना छायाचित्रकार जेम्स व्हॅन डर झी याचे फोटो होते, ठेवणीतल्या कपड्यांत, ताठ मानेनं बसलेली काळी कुटुंबं. त्यातून तिला वाटलं, एक छोटासा मूकपट करावा: दक्षिणेतलं एक कुटुंब बेट सोडून उत्तरेकडे निघालंय. एवढंच. मूकपटाचा बोलपट झाला, छोट्याचा मोठा झाला आणि १९७५ चं १९९१ झालं. आज आपण बघणार आहोत तो हा सिनेमा, 'डॉटर्स ऑफ द डस्ट'.

बेटांबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांच्या किनाऱ्यालगत बेटांची एक माळ आहे. दलदल, खाड्या, भरती-ओहोटी. इथं भाताची खाचरं काढायला पश्चिम आफ्रिकेतून माणसं धरून आणली, आणि तीही निवडून. कारण तिकडच्या लोकांना भात पिकवायचं ज्ञान होतं, गोऱ्या मळेवाल्यांना नव्हतं. हवा मलेरियाची. त्यामुळं मालक उन्हाळाभर लांब राहायचे आणि बेटांवर बहुतेक आफ्रिकन माणसंच. म्हणून त्यांची भाषा, वेण्या घालायच्या तऱ्हा, टोपल्या विणायची पद्धत आणि पितरांशी असलेलं नातं टिकलं. या लोकांना आणि त्यांच्या भाषेला म्हणतात गल्ला. हसलात, मला माहीत होतं! दुकानाच्या गल्ल्याशी याचा संबंध नाही, आणि तिकीटबारीवरच्या गल्ल्याशी तर नाहीच नाही.

सिनेमात बायका मोठ्या पातेल्यात गम्बो शिजवताना दिसतील. त्यात भेंडी असते. अमेरिकेत भेंडी गेली ती या गुलामांबरोबरच, आणि 'गम्बो' हे आफ्रिकी भाषांतलं भेंडीचंच नाव. भेंडी, कोळंबी, भात. रत्नागिरीच्या माणसाला तिथं जेवायला बसवलं तर त्याचं काही अडणार नाही.

काळ १९०२ चा उन्हाळा. पीझंट कुटुंब. दुसऱ्या दिवशी होडीतून सगळे मुख्य भूमीकडे निघणार, तिथून उत्तरेला. आदल्या दिवशी समुद्रकाठी शेवटचं सहभोजन. अठ्ठ्याऐंशी वर्षांची नाना पीझंट मात्र येणार नाही, तिची माणसं इथं मातीत आहेत. एवढंच कथानक. बाकी सगळं बायकांचं आपसातलं. यलो मेरी बाहेरच्या जगात राहून परत आलीय, सोबत एक मैत्रीण, आणि घरच्या बायका दोघींकडे बघून नाकं मुरडतात. युला पोटुशी आहे. तिच्यावर बलात्कार झालाय आणि मूल कुणाचं, या विचारानं नवरा ईलाय पोखरून निघालाय. हागार ही सून, तिला जुनं सगळं समुद्रात फेकून द्यायचंय. व्हायोला ख्रिस्ती होऊन आलीय, सोबत फोटोग्राफर आणलाय. आणि गोष्ट सांगतंय कोण? युलाच्या पोटातली, अजून न जन्मलेली मुलगी.

पहिली वीस मिनिटं तुम्ही गोंधळणार. कोण कुणाची कोण, काही कळणार नाही. हरकत नाही. डॅशचं म्हणणं होतं, आफ्रिकेतला ग्रिओ घराण्याची कथा जशी सांगेल तशी मला सांगायचीय. ग्रिओ म्हणजे तुम्हाला फार समजावायला नको. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येतात ना, बैलावर बसून, वंशावळ मुखोद्गत? तो हेळवी सरळ रेषेत सांगतो का? पणजोबापासून सुरू करेल, मध्येच एका चुलत्याच्या बायकोचं माहेर सांगेल, तिथून कुठल्या तरी दुष्काळात जाईल आणि मग म्हणेल, तर आता तुमचे आजोबा. आपण त्याला 'पटकथा सैल आहे' म्हणत नाही.

बेटावर एक जागा आहे, इबो लँडिंग. १८०३ साली जॉर्जियातल्या सेंट सायमन्स बेटाजवळ पश्चिम आफ्रिकेतल्या इबो लोकांचा एक जथा गुलाम म्हणून आणला जात होता. उतरल्यावर ते परत पाण्यात चालत गेले आणि बुडाले. लोककथा म्हणते, बुडाले नाहीत, पाण्यावरून चालत आफ्रिकेला गेले. डॅशला अभ्यास करताना दिसलं की जवळजवळ प्रत्येक बेट म्हणतं, ते आमच्याच इथं झालं. आपल्याकडे दर दोन डोंगरांमागे एक सीतेची न्हाणी असते, तसं. सिनेमात दोन्ही हकीकती आहेत. एकजण सांगतो की ते बुडाले, मी तिथं होतो. युला सांगते की चालत गेले. सिनेमा कुणालाही खोटं पाडत नाही, आणि त्याच वेळी ईलाय पाण्यावर चालताना दिसतो. तो प्रसंग आला की मी मुद्दाम पडद्याकडे न बघता प्रेक्षकांकडे बघते.

नानाचे हात बघा. निळे आहेत. नीळ काढण्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसांचे हात. कॅरोलिनात अठराव्या शतकात निळीचे मळे होते. इंग्रजी 'इंडिगो' या शब्दात तर आपल्याच देशाचं नाव आहे, आणि निळीपायी बंगाल-बिहारच्या शेतकऱ्यांचं काय झालं तेही आपण शाळेत शिकलोय. तर सिनेमाच्या इतिहास सल्लागार होत्या मार्गारेट वॉशिंग्टन क्रील. त्यांनी डॅशच्या लक्षात आणून दिलं की हा रंग इतकी वर्षं हातावर टिकत नाही. इतिहासाच्या दृष्टीनं चूक. डॅशनं चूक ठेवली. गुलामगिरी म्हटलं की पाठीवरचे वळ आणि पायातल्या साखळ्या, ही चित्रं सगळ्यांनी इतकी पाहिलीत की आता ती दिसेनाशी झालीत. तिला दुसरी खूण हवी होती. मला विचाराल तर या सिनेमातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. वळ दिसले की बघणारा कळवळतो, आणि कळवळला की त्याला वाटतं, झालं आपलं काम. निळ्या हातांपुढं असं सुटता येत नाही. आधी विचारावं लागतं, आजी, हे कशानं झालं?

आता माझ्या धंद्यातलं थोडं. मी पंचवीसेक वर्षं एडिटिंगच्या टेबलावर बसतेय. या काळात मी एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते भिंतीवर लिहून ठेवावं: 'चेहरा जरा उचला हो, फार काळा येतोय.' बाई सावळी आहे, काळा कसला येतोय! पण हा नुसता माणसांचा दोष नाही, तो फिल्मच्या रसायनातही होता. कोडॅक छपाईचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना एक नमुन्याचं कार्ड द्यायचं, त्यावर गोरी बाई. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. तिची त्वचा नीट आली की रंग बरोबर. मग बाकीच्यांचे चेहरे काळ्या डागासारखे आले तरी कुणाची तक्रार नाही. लोर्ना रॉथ नावाच्या कॅनडातल्या अभ्यासिकेनं याचा माग काढलाय. तिला असं आढळलं की कंपनीनं तपकिरी छटांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली ती लाकडी फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी तक्रार केली तेव्हा. माणसांच्या आधी चॉकलेटचा नंबर लागला!

डॅश आणि तिचा छायालेखक आर्थर जाफा यांनी कोडॅक सोडून आग्फाची फिल्म घेतली, काळी त्वचा तिच्यावर चांगली उठते म्हणून. दिवसाचा उजेड, पांढरे कपडे, पांढरी वाळू आणि गडद चेहरे. यात कॅमेरावाल्याची खरी परीक्षा, कारण पांढरं सांभाळायला गेलं की चेहरे जातात. इथं दहा-बारा चेहरे एका चौकटीत असतात आणि प्रत्येकीचा काळा वेगळा. जानेवारी १९९१ मध्ये सनडान्स महोत्सवात जाफाला छायालेखनाचं पारितोषिक मिळालं.

एकूण खर्च आठ लाख डॉलर. अमेरिकन हिशेबात ही रक्कम म्हणजे चिल्लर. त्यातला बराचसा पैसा सार्वजनिक दूरदर्शनच्या 'अमेरिकन प्लेहाउस'नं दिला, आणि तोही आधी नमुन्यादाखल थोडं चित्रण करून दाखवल्यावर. नटनट्या तिनं मुद्दाम आपल्या जुन्या स्वतंत्र सिनेमावाल्यांतल्या घेतल्या. कोरा ली डे, बार्बरा-ओ, केसी मूर यांची नावं ज्या सिनेमांत पूर्वी झळकली ते सिनेमे फार थोड्यांनी पाहिले होते. आणि कलादिग्दर्शन कुणाचं? केरी जेम्स मार्शल नावाच्या चित्रकाराचं. २०१८ साली त्याचं एक चित्र लिलावात २ कोटी ११ लाख डॉलरला गेलं. म्हणजे एका कॅनव्हासच्या पैशांत असे पंचवीसहून जास्त सिनेमे झाले असते. सोसायटीच्या खजिनदारांनी हा आकडा लिहून घेतलाय असं दिसतंय.

भाषेचं सांगायचं राहिलं. पात्रं गल्ला ढंगात बोलतात आणि खाली उपशीर्षकं नाहीत. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकालाही सगळं कळत नाही. हे अडाणीपणानं झालेलं नाही, डॅशनं ठरवून केलंय. तिचा हिशेब असा होता की सिनेमा करताना समोर कुणाला बसवायचं? पहिल्या रांगेत काळ्या बायका. त्यांच्यामागे सगळा काळा समाज. बाकीच्यांनी मागे बसावं. दार उघडं आहे, पण गोष्ट त्यांना समजावून सांगण्यासाठी थांबणार नाही. हॉलिवूडमध्ये ही रांग कायमची उलटी लागलेली असते. काळ्या बाईची गोष्ट असली तरी ती एका गोऱ्या माणसाला समजावून सांगितली जाते. बहुतेक वेळा तो माणूस पडद्यावरही असतो, चांगल्या मनाचा वकील किंवा पत्रकार. 'डॉटर्स'मध्ये असा कुणी नाही.

मला इथं सुमित्रा भावे आठवतात. त्या समाजकार्यातल्या, झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन करत होत्या. अहवाल तयार होणार, आणि ज्यांच्यावर तो, त्या बायकांना तर वाचता येत नाही. मग त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? म्हणून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. सिनेमा शिकलेल्या नसताना केला. पुण्यातली ही समाजशास्त्राची बाई आणि क्वीन्सब्रिजची ही मुलगी यांची कधी भेट झाली असेल असं मला वाटत नाही, पण रांग लावायची पद्धत दोघींची एकच. आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथरनं काळ्या अमेरिकेकडून नाव उचललं, तेव्हापासून आपण तिकडचं साहित्य मायेनं वाचतो. पण वाचलं ते बरंचसं पुरुषांचं. बायकांच्या सिनेमापर्यंत आपण उशिरा पोचलो, हे या सोसायटीच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकाच सांगतात. मी चाळल्यात.

तर १५ जानेवारी १९९२ ला न्यूयॉर्कच्या फिल्म फोरममध्ये सिनेमा लागला. अमेरिकेत आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीनं दिग्दर्शित केलेला आणि चित्रगृहांतून रीतसर प्रदर्शित झालेला हा पहिला कथापट. साल पुन्हा एकदा ऐका, १९९२. 'रीतसर प्रदर्शित' हे शब्दही सोडू नका, कारण त्यांच्यामागे कॅथलीन कॉलिन्स उभी आहे. तिनं १९८२ मध्येच 'लूझिंग ग्राउंड' केला होता. तत्त्वज्ञान शिकवणारी काळी प्राध्यापिका आणि तिचं लग्न, असा शहाणा, खेळकर सिनेमा. चित्रगृह मिळालं नाही. १९८८ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी कॉलिन्स कर्करोगानं गेली. तिच्या मुलीनं फिल्म वाचवली आणि २०१५ मध्ये ती चित्रगृहात लागली. तेहेतीस वर्षांनी. पहिलेपणाचा मान कुणाकडे गेला यापेक्षा तो कुणाला मिळू दिला नाही, हे मला जास्त टोचतं.

'डॉटर्स'चे न्यूयॉर्कमधले खेळ भरून जायचे. बायका बायकांना घेऊन येत होत्या. काही समीक्षकांना गोष्ट हाती लागेना, काहींना लागली. मग तुम्ही म्हणाल, आता स्टुडिओवाले दारात उभे राहिले असतील. त्याच काळात काळ्या दिग्दर्शकांना खरोखर मागणी होती. १९९१ मध्ये तर त्यांच्या सिनेमांची लाटच आली, जॉन सिंगलटनला चोविसाव्या वर्षी दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळालं. पण मागणी होती ती शहरातल्या, बंदुका घेतलेल्या तरुण पोरांच्या गोष्टींना. समुद्रकाठी पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या बायकांना कोण विचारतो? पुढच्या पंचवीस वर्षांत ज्यूली डॅशचा दुसरा कथापट चित्रगृहात लागला नाही.

इथं बहुतेक लेख थांबतात आणि 'एका सिनेमाची शोकांतिका' असा मथळा देतात. मला हा मथळा पटत नाही. बाई रिकामी बसली नव्हती. १९९६ मध्ये ट्रेसी चॅपमनच्या 'गिव्ह मी वन रीझन' या गाण्याचा व्हिडिओ केला. १९९७ मध्ये पीझंट कुटुंबाची पुढची हकीकत कादंबरीत लिहिली. सिनेमाला पैसे मिळेनात तर कागदाला कोण अडवतो? १९९९ आणि २००० मध्ये टीव्हीसाठी तीन चित्रपट. २००२ मध्ये 'द रोझा पार्क्स स्टोरी', प्रमुख भूमिकेत अँजेला बॅसेट. रोझा पार्क्स म्हणजे दमलेली शिंपीणबाई, पाय दुखत होते म्हणून बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही आणि अटक झाली, अशी गोष्ट पाठ्यपुस्तकांनी करून ठेवलीय. डॅश तिचं अटकेआधीचं आयुष्य, तिचं शिक्षण, नवरा रेमंड, हे सगळं आणते. दिग्दर्शकांच्या संघटनेचं नामांकन या कामाला मिळालं. मग सिनसिनाटीच्या संग्रहालयासाठी, पळून आलेल्या गुलामांना नदीपार करून सोडवणाऱ्या लोकांवर फिल्म. २०१७ मध्ये एव्हा डुव्हर्नेच्या 'क्वीन शुगर' मालिकेचे भाग. त्या मालिकेत नियमच होता, दिग्दर्शन बायकाच करणार. शिवाय स्पेलमन या काळ्या मुलींच्या महाविद्यालयात शिकवणं.

आणि एक माहितीपट, व्हर्टामे स्मार्ट-ग्रोव्हनर या गल्ला लेखिकेवर. तिनं १९७० मध्ये स्वयंपाकाचं एक अचाट पुस्तक लिहिलं होतं, पाककृती कमी आणि आत्मचरित्र जास्त, मापं बहुतेक अंदाजपंचे. 'डॉटर्स'मध्ये वेण्या घालणारी बाई दिसेल, ती हीच. पंचवीस वर्षांपूर्वी जिनं चौकटीच्या कडेला बसून वेणी घातली, तिच्याकडे डॅश कॅमेरा घेऊन परत गेली. यादीतल्या बाकी कामांपेक्षा हे मला तिच्या स्वभावाच्या जास्त जवळचं वाटतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये गायिका बियॉन्सेचा 'लेमनेड' हा चित्रफितींसह अल्बम आला आणि जगभरच्या पोरींनी विचारलं, पांढऱ्या झग्यांत पाण्याकाठी, झाडांवर बसलेल्या या काळ्या बायका कुठून आल्या? त्याच वर्षी 'डॉटर्स'ची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा चित्रगृहांत लागली. २००४ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेलाच होता. २०२० मध्ये 'इल्यूजन्स'ही गेला, आणि योगायोग बघा, त्याच वर्षीच्या यादीत 'लूझिंग ग्राउंड'सुद्धा. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकानं जगभरच्या समीक्षकांना मतं विचारली तेव्हा 'डॉटर्स' साठाव्या क्रमांकावर आला. अशा याद्यांवर माझा फार विश्वास नाही, पण कधीकधी त्या उपयोगी पडतात. आजचा कार्यक्रम मंजूर करून घेताना मी समितीला हीच यादी दाखवली.

बघताना एक गोष्ट चुकवू नका. नानाकडे एक डबा आहे, त्यात काय काय जपून ठेवलंय. एक केसांची बट आहे, तिच्या आईची. मुलीपासून तोडून विकायच्या आधी आईनं स्वतःच्या केसांतून कापून दिलेली. शेवटाकडे ती बट कशात बांधली जाते आणि कोण तिच्यापुढं ओठ टेकवायला नकार देतं, ते बघा. सगळे निघतात तेव्हा एक मुलगी होडीतून उतरते, तेही बघा.

दिवे मालवायची वेळ झाली. सिनेमा ११२ मिनिटांचा आहे, मध्यंतर नाही. एक प्रश्न मात्र तुमच्यावर सोडतेय. आपल्याकडच्या डिस्कवर इंग्रजी कॅप्शन्स आहेत, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी घातलेली. ती लावली तर शब्द न् शब्द कळेल. नाही लावली तर १९९२ च्या प्रेक्षकाला जेवढं कळलं त्याहून जरा कमीच कळेल. कॅप्शन्स हवी असतील त्यांनी हात वर करा. काका, दोन्ही हात नकोत, एकच. आणि नको असणारे? थांबा, मागच्या रांगेतले मला दिसत नाहीत, कुणीतरी मोजा.